विश्लेषण : द्राक्षवेलीचे खोड आतून कोण पोखरते?

ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर बाग एकसारखी फुटते. एखादी वेल मात्र मागे राहते. पाने पिवळी, काडी बारीक, घड लहान. शेतकरी खत-पाणी वाढवतो, पण दोष अनेकदा खोडाच्या आत असतो.

कीड कोणती?
महाराष्ट्रातील द्राक्षबागांत लांब मिशांच्या दोन भुंगेऱ्यांच्या अळ्या खोड व ओलांडे पोखरतात. ‘सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर’ ही बाभळीवरही आढळते. ‘स्ट्रोमॅशियम बार्बेटम’ वाळलेल्या लाकडातही वाढते. त्यामुळे जुन्या बागांना धोका अधिक.

फरक कसा ओळखावा?
पहिल्या किडीची अळी छिद्रातून भुसा व विष्ठा बाहेर टाकते. खोडाभोवती जमिनीवर त्याचा ढीग दिसतो. दुसरीचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि बोगद्यातच दाबून भरलेला राहतो. त्यामुळे भुंगेरा बाहेर पडल्याचे छिद्र दिसेपर्यंत बाहेरून सुगावा लागत नाही.

फवारणी का पुरत नाही?
अळी लाकडात शिरली की वरचे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पाऊस सुरू झाल्यावर भुंगेरे बाहेर येतात आणि मादी सालीखाली किंवा सालीच्या भेगांत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी आत शिरण्यापूर्वीचा काळ हीच नियंत्रणाची खरी संधी.

काय करावे?
- खोड व ओलांड्यांवरील सुटलेली साल काढून टाकावी. अंडी घालायला जागा राहत नाही.
- पावसाळ्यात भुंगेरे वेचून नष्ट करावेत. रात्री प्रकाश सापळे लावावेत.
- ताजा भुसा दिसणाऱ्या छिद्रात तार घालून अळी मारावी किंवा शिफारशीतील कीटकनाशक सोडून छिद्र चिखलाने बुजवावे.
- औषध निवडताना मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी व काढणीपूर्व कालावधी पाहावा. निर्यातीच्या मालात उर्वरित अंशाची तपासणी होते.

दुर्लक्षित धोका
वाळलेले ओलांडे आणि उपटलेल्या वेली बांधावर रचून ठेवल्या जातात. आतली अळी तिथेच वाढते आणि पुढच्या पावसाळ्यात भुंगेरा होऊन बागेत परतते. असे लाकूड पावसाआधीच जाळून टाकावे. वेल गेली, तर नवा खुंट लावून, कलम करून ती जागा पुन्हा फळावर यायला काही हंगाम जातात.