इन्सुलिन डुकरापासून बनतं का? आधी बाटलीवरचं लेबल वाचा

आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये शेजारच्या एका चाचांना डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. चाचांनी बाटली आणली, पण ती फ्रिजमध्येच पडून राहिली. साखर वाढत होती आणि चाचा गप्प. खूप विचारल्यावर म्हणाले, "सर, ते डुकराचं असतं म्हणे."

चाचांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं. आपल्या पोटात स्वादुपिंड असतं, उर्दूत त्याला लबलबा म्हणतात. रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन हे प्रथिन तिथेच तयार होतं. 1921 साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी ते जनावरांच्या लबलब्यातून काढलं. पुढे साठेक वर्षं हे औषध गुरांच्या आणि डुकरांच्या लबलब्यातूनच मिळायचं.

मग शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. इन्सुलिन कसं बनवायचं याची 'रेसिपी' आपल्या पेशीतल्या डीएनएमध्ये असते. 1978 मध्ये अमेरिकेत ती रेसिपी प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने तयार करून जिवाणूत घातली आणि जिवाणू इन्सुलिन बनवू लागले. 1982 मध्ये अशा औषधाला तिथे मंजुरी मिळाली. यालाच रिकॉम्बिनंट किंवा आर-डीएनए इन्सुलिन म्हणतात. काही कंपन्या जिवाणूऐवजी यीस्ट, म्हणजे खमीर वापरतात. मोठ्या टाक्यांत ते वाढवायचं, त्यातून इन्सुलिन वेगळं करून शुद्ध करायचं. 'ह्यूमन' लिहिलंय म्हणून ते माणसाच्या शरीरातून काढलेलं नसतं. त्याची रचना माणसाच्या इन्सुलिनसारखी असते, एवढाच त्याचा अर्थ.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही झालं. हबील खोराकीवाला यांच्या वोक्हार्ट कंपनीने औरंगाबादला यीस्टपासून ह्यूमन इन्सुलिन बनवलं आणि 2003 मध्ये 'वोसुलिन' नावाने बाजारात आणलं.

म्हणून शंका आली तर लेबल वाचा. 'आर-डीएनए ओरिजिन' असं लिहिलेलं असेल तर ते इन्सुलिन जनावराच्या लबलब्यातून काढलेलं नाही. 'पोर्साईन' म्हणजे डुकराचं, 'बोव्हाईन' म्हणजे गुरांचं. कळलं नाही तर मेडिकलवाल्याला विचारा. तरी मनात काही राहिलं तर मौलाना साहेबांना विचारा, पण तोपर्यंत औषध बंद करू नका. टाईप-1 मधुमेह असलेल्या मुलांचं इन्सुलिन थांबलं तर काही दिवसांतच जिवावर बेततं. रमजानमध्येही डोस आपल्या मनाने बदलू नका, रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटा.

आणि हो, न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरू नये.

चाचांच्या मुलाने त्या दिवशी बाटली काढून लेबल मोठ्याने वाचलं. त्यावर आर-डीएनए लिहिलेलं होतं. चाचा एवढंच म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलं?"