मंदी आली, तर राज्य सरकार खर्च कशातून भागवणार?

मंदीची चर्चा सुरू झाली की आपल्याला नोकरी आणि ईएमआयची काळजी वाटते. पण सरकारी दवाखाने, शाळा, पोलीस, रस्ते यांचा बहुतांश भार राज्य सरकार उचलतं. मंदीत त्या तिजोरीचं काय होतं?

पैसा का आटतो?

राज्याची कमाई म्हणजे जीएसटी, पेट्रोल-डिझेल आणि दारूवरचे कर, घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क आणि केंद्रीय करांतला वाटा. मंदीत लोक घर-गाडीची खरेदी पुढे ढकलतात आणि हे सगळे झरे एकदम आटतात. पगार, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज मात्र तेवढंच राहतं.

मग कात्री कुठे लागते?

विकासकामांना. कोरोनाकाळात महाराष्ट्राने मार्च २०२०चा पगार दोन टप्प्यांत दिला. मग ४ मे २०२० रोजी वर्षभराच्या तरतुदीपैकी फक्त ३३ टक्के निधी मिळेल, नवी कामं आणि आरोग्यासारखी खाती सोडून नवी भरती नाही, असा निर्णय झाला.

अडीअडचणीसाठी निधी नसतो का?

आकस्मिकता निधी असतो. पण तो विधिमंडळाची मंजुरी मिळेपर्यंत तातडीचा खर्च भागवण्यापुरता असतो. बुडालेला महसूल त्यातून भरून निघत नाही. अनेक राज्यांचा रिझर्व्ह बँकेकडे आणखी एक निधी असतो, पण तो जुनं कर्ज फेडण्यासाठी. रोख रकमेची चणचण भासली तर रिझर्व्ह बँक उसने पैसेही देते. एप्रिल २०२० मध्ये तिने ही मर्यादा ६० टक्क्यांनी वाढवली. पण हे उसने थोड्याच दिवसांत परत करावे लागतात.

कर्ज काढलं तर?

खरा आधार तोच, पण त्याची चावी केंद्राकडे आहे. राज्यघटनेच्या कलम २९३ नुसार, केंद्राचं कर्ज बाकी असलेल्या राज्याला नवं कर्ज घेताना केंद्राची संमती लागते. एरवी ही मर्यादा राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आसपास असते. २०२०-२१ मध्ये केंद्राने ती ५ टक्के केली, पण वाढीव कर्जाच्या मोठ्या भागाला ‘एक देश, एक रेशन कार्ड’सारख्या सुधारणांच्या अटी जोडल्या.

आता काय बदललंय?

जीएसटी आल्यावर पाच वर्षं राज्यांना महसुलात वर्षाला १४ टक्के वाढीची हमी होती. २०२० मध्ये भरपाईचे पैसे अपुरे पडले, तेव्हा केंद्राने १.१ लाख कोटींचं कर्ज काढून राज्यांना दिलं. ही हमी जून २०२२ मध्ये संपली. पुढच्या मंदीत ती नसेल.

महाराष्ट्र कुठे आहे?

२०२५-२६च्या अर्थसंकल्पात राज्यावर ९ लाख कोटींहून जास्त कर्ज दाखवलं होतं. आकडा मोठा वाटतो, पण राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या तुलनेत तो २० टक्क्यांच्या आत आहे. पंजाबमध्ये हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे महाराष्ट्राला कर्ज काढायला अजून वाव आहे.

चिंता आहे ती महसुली तुटीची. त्याच अर्थसंकल्पात ती ४५,८९१ कोटी रुपये धरली होती. म्हणजे मंदी नसतानाही रोजचा खर्च कमाईत भागत नाही आणि उसनवारी करावी लागते.

म्हणून पुढच्या अर्थसंकल्पात नव्या घोषणांसोबत महसुली तुटीचा आकडाही बघा. मंदीत तुमच्या गावचा रस्ता पूर्ण होईल की अर्धवट राहील, याचा अंदाज त्यावरून येतो.