मगनवाडीचा घाणा

वर्ध्याला आलेला पाहुणा सेवाग्राम बघतो आणि परतीची गाडी धरतो. मी त्याला हट्टाने मगनवाडीत नेतो. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि या आवारात त्याचं काम सुरू झालं. जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव. पेशाने हिशेबतपासनीस, अमेरिकेत व्यवसाय-प्रशासन आणि अर्थशास्त्र शिकलेले. त्यांनी ते शिक्षण गावच्या कारागिराच्या जमाखर्चाला लावलं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तेलाचा घाणा. बैल फिरतो, लाट उखळीत तीळ-जवस रगडते. पण ढेपेत तेल उरलं की तेली बुडाला. म्हणून संघाच्या झवेरभाई पटेलांनी घाण्याचीच घडण सुधारली. पुढे तो ‘वर्धा घाणा’ म्हणून देशभर ओळखला गेला. उखळीचा आकार, बैलाची ताकद, तेल्याची मिळकत, खाणाऱ्याचं आरोग्य: संशोधन एकच, प्रश्न चार. याला मी खरं संशोधन म्हणतो.

आज त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करते. आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी इथे यावं आणि मग एखाद्या कारागिराला विचारावं, तुमचं कुठे अडतं?