‘पॉपिंग’ शोधून पॉपिंग सापडत नाही

कॅनडातल्या पॉपिंगच्या सुरुवातीवर काम करायचंय? मग जुन्या वर्तमानपत्रांत नुसतं ‘पॉपिंग’ शोधू नका. स्नायू झटक्यात आवळून सोडायचा हा नाच कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या बूगालू सॅमने १९७७च्या सुमारास गट काढून नावारूपाला आणला. न्यूयॉर्कचं ब्रेकिंग वेगळं, ते बरंचसं जमिनीवरचं. पण माध्यमांनी दोन्हींना सरसकट ‘ब्रेकडान्स’ म्हटलं. १९८४च्या ‘ब्रेकिन’ सिनेमात बूगालू श्रिम्प झाडू घेऊन नाचतो, ते चक्क पॉपिंग! टोरंटोत सीमेपलीकडच्या बफेलोची चॅनेल्सही दिसायची, म्हणजे अमेरिकी नावं घरातच. तेव्हा ‘ब्रेकडान्स’ शोधा आणि फोटोत नाचणारा उभा आहे की हातांवर, ते बघा. जुने नर्तक भेटले तर ‘पॉपिंग कधी शिकलात?’ऐवजी ‘तेव्हा याला काय म्हणायचात?’ असं विचारा.