मासा हातावर येतो, पण त्याच्या वेळेने

मैत्रिणींनो, पोपट हातातली मिरची घेतो, मांजर पायात घुटमळते. पण पेटीतला मासा माणसाला काय ओळखणार, असं तुम्हाला वाटतं ना? मग वाडा तालुक्यातल्या तिळशाला एकदा जाऊन या. तिथे वैतरणेकाठी तिळसेश्वराचं देऊळ आहे. डोहातले मासे देवाचे मानतात, त्यांना कुणी पकडत नाही. म्हणूनच खाणं टाकलं की ते निर्धास्तपणे काठाशी येतात. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने तर १९२३ साली एका आंधळ्या माशाची हकिगत लिहिली. खाऊ देताना रोज शिटी वाजवली, तेव्हा पुढे नुसत्या शिटीवर तो बाहेर येऊ लागला! याच फ्रिशना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

घरच्या गोल्डफिशलाही ही सवय लागते. मात्र आधी त्याचा जीव सांभाळायला हवा. आपल्या मीरा-भाईंदरच्या घरांतून पुष्कळ मासे उपासाने नव्हे, लाडाने मरतात. येणारा-जाणारा चिमूटभर दाणे टाकतो, उरलेलं तळाशी कुजतं आणि त्यातून होणारा अमोनिया माशाला विषासारखा बाधतो. म्हणून खाणं एकानेच द्यावं आणि दोन मिनिटांत संपेल इतकंच. गोल वाडगा नको, ऐसपैस पेटी हवी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच थोडंथोडं बदलावं.

आता शिकवणी. पहिला आठवडा ठरल्या वेळी, ठरल्या कोपऱ्यात दाणे टाका आणि तिथेच उभ्या राहा. काचेवर टकटक करू नका. माशाच्या अंगाला पाण्यातला बारीकसा हादराही कळतो. मासा तुम्हाला पाहून वर येऊ लागला, की दाणा चिमटीत धरून पाण्याला टेकवा. तोही सराव झाला, की उकडून सोललेला मटाराचा दाणा बोटांवर ठेवून हात पाण्यात स्थिर धरा. मासा मागे फिरला तर हात त्याच्यामागे नेऊ नका. आज नाही तर उद्या.

हात घालण्यापूर्वी पंपाचं आणि हीटरचं बटण बंद करून प्लग काढा, हे विसरू नका. साबण, तेल, क्रीम लागलेला हात नको; साध्या पाण्याने धुवा. बोट कापलेलं असेल तर त्या दिवशी सुट्टी. नंतर मात्र साबणाने हात स्वच्छ धुवा.

आमची नऊ वर्षांची कन्या एरवी एका जागी दोन मिनिटं बसत नाही. पण माशासाठी ती हात न हलवता साठपर्यंत आकडे मोजते! अभ्यासाला बसवताना मला जे जमलं नाही, ते त्या बोटभर जिवाने केलं.

तेव्हा घरातल्या मुलांवर हे काम जरूर सोपवा. खाऊचा डबा मात्र तुमच्याच ताब्यात ठेवा, बरं का!