एकच निवडायची तर पेणची मूर्ती

सगळ्या कलांमधून एकच आवडती कृती निवडा म्हटलं, की कोणी वेरूळचं कैलास लेणं सांगेल, कोणी १९३६चा ‘संत तुकाराम’ चित्रपट. टिकलं ते थोर, हे त्यामागचं गृहीत. माझं मत मात्र पेणच्या शाडूच्या गणेशमूर्तीला. माती येते गुजरातेतून. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत मूर्ती साच्यातून निघते, हाताने गुळगुळीत होते, रंग चढतो आणि शेवटी डोळ्यांची आखणी. इथेच सगळं ठरतं. ब्रशची रेघ केसभर हलली, तरी प्रसन्न चेहरा रागीट दिसू लागतो.

साच्यातल्या हजारो मूर्तींना ‘एक कलाकृती’ कसं म्हणायचं, हा आक्षेप रास्त आहे. पण चित्रपटाच्याही प्रती निघतातच, आणि त्या हुबेहूब सारख्या असतात. इथे आखणाऱ्याच्या हातागणिक नजर बदलते. राहिला विसर्जनाचा मुद्दा. दीड दिवसात पाण्यात जाणाऱ्या वस्तूला सर्वश्रेष्ठ कसं ठरवायचं? मैफलही रात्रीत संपते, म्हणून गाण्याला कोणी दुय्यम मानत नाही. प्लास्टरची मूर्ती मात्र, कितीही देखणी असली तरी, या निवडीत बसत नाही. ती विरघळायलाच तयार नसते.