दोऱ्यांचा हात आणि खोडकर जिराफ

उजव्या हाताने डाव्या हाताचा कोपराखालचा भाग घट्ट धरा. आता डाव्या हाताची बोटं नाचवा बघू. नाचतात बोटं, पण वळवळतंय कुठे? पार कोपराजवळ! बोटं मिटणारे तगडे स्नायू बोटांत नसतातच. ते तिकडे बसून कंडरा नावाच्या चिवट दोऱ्या ओढतात. कळसूत्री बाहुलीच की!

लंडनच्या शॅडो रोबोट कंपनीने बनवलेला यंत्राचा हातही तसाच. मोटरी मनगटामागे आणि दोऱ्या बोटांपर्यंत. हात झाला झकास, पण त्याला येत काय होतं? काहीच नाही.

अमेरिकेतल्या ओपनएआयच्या मंडळींनी त्याला एकहाती रुबिक क्यूब सोडवायला शिकवायचं ठरवलं. कुठली बाजू कधी फिरवायची, हे संगणकाला सांगता येत होतं. पंचाईत होती ती क्यूब न पाडता फिरवण्याची. मग संगणकातच एक खोटा हात आणि खोटा क्यूब तयार केला. पडला? पुन्हा. पडला? पुन्हा! जरा जमू लागलं की क्यूब मोठा करायचा, नाहीतर जड, नाहीतर निसरडा. अनेक संगणक एकदम राबत होते, म्हणून तब्बल १३,००० वर्षांचा सराव काही महिन्यांत उरकला.

२०१९ साली खऱ्या हाताची परीक्षा झाली. त्याला रबरी हातमोजा घातला, बोटं बांधली, खेळण्यातल्या जिराफाने ढोसलंसुद्धा! (ही खोडी कुणाच्या डोक्यातून आली असेल?) तरी गडी क्यूब फिरवत राहिला. मात्र अगदी विस्कटलेला क्यूब पाचांत एकदाच सुटायचा.

हा हात शिकला तो स्पर्शाशिवाय. त्याची बोटं कुठे आहेत, हे भोवतीचे कॅमेरे सांगत.

आपलं तसं नाही. स्वीडनच्या रोलांड योहान्सन यांनी एका प्रयोगात बोटांची टोकं औषधाने बधिर केली आणि काडेपेटीतली काडी पेटवायला सांगितली. (तुम्ही नका हं करू!) डोळे ठीक, स्नायू ठीक, तरी काडी निसटते, उलटी होते, पुन्हा निसटते. एरवी हातातला पेला जरा घसरला, की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड आवळली जाते. आपल्याला कळायच्याही आधी!

रोबोटांच्या बोटांना अशी जाणती कातडी देण्याची खटपट चालू आहे. तोवर एक भाजलेला शेंगदाणा घ्या. डोळे मिटून त्याचं साल काढा. मग लोकरी हातमोजे घालून दुसरा दाणा सोला.